‘दाजी, नुसते पॅड टाका’

मामा, नमस्कार. आयटीआय करून मी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला काही वर्षं काढली आणि मग अक्कलकोट रोडला स्वतःचं गॅरेज टाकलं. हाताखाली एक पोरगा आहे. कामं जास्त करून ब्रेकची आणि सस्पेन्शनची येतात. बायकोचा मावसभाऊ भाड्याच्या पाच गाड्या चालवतो. तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर, पंढरपूर अशा भाविकांच्या फेऱ्या असतात. सगळ्या गाड्या माझ्याकडंच यायच्या. मागच्या महिन्यात त्याच्या एका सात सीटर गाडीच्या पुढच्या ब्रेकच्या दोन्ही डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकत्या) मर्यादेच्या खाली झिजलेल्या दिसल्या. त्यानं बाहेरून स्वस्तातले पॅड, म्हणजे डिस्कला दोन्हीकडून दाबणारे ठोकळे, आणले होते. ‘दाजी, नुसते पॅड टाका, डिस्कचं नवरात्र झाल्यावर बघू,’ म्हणाला. डिस्क खराब आहेत, बदलायलाच लागतील, असं मी कितीदा सांगितलं. ऐकेना, तेव्हा काम नाकारलं. तो दुसऱ्या गॅरेजला गेला आणि तिथं अर्ध्याहून कमी पैशात काम झालं. आता सासरवाडीत बोभाटा झालाय की मी कंपनीसारखा लुटतो. त्याच्याकडं माझी उधारीही अडकली आहे. मी चुकलो का? ब्रेकची कामं बंद करून नुसतं ऑइल-सर्व्हिसिंग करावं, असं वाटायला लागलंय.
(नाव छापू नये, सोलापूर)

अरे, नकार बरोबर होता. पण तो नुसत्या तोंडानं दिलास. आकडा डिस्कवरच कोरलेला होता, तो मेव्हण्याला दाखवला नाहीस. म्हणून त्याला तो तुझा हट्ट वाटला.

आधी नकार बरोबर कसा, ते बघू. उद्या सासरवाडीत कुणी विचारलं तर तुझ्याकडं सांगायला दोन वाक्यं असावीत. डिस्कवर कंपनीनं किमान जाडी कोरलेली असते. तिच्याखाली गेलेली डिस्क वापरायचीच नसते. ‘सवडीनं बदला’ असा त्याचा अर्थ नाही. गाडी थांबते म्हणजे तिचा वेग उष्णतेत जातो, आणि ती उष्णता सगळ्यात आधी डिस्कचं लोखंड झेलतं. लोखंड कमी असलं की तेवढ्याच ब्रेकला ते जास्त तापतं. पातळ तव्यावर भाकरी पटकन करपते, तसंच. वेग दुप्पट झाला की जिरवायची उष्णता चौपट होते. त्यामुळं होटगी रोडला पन्नासनं जाणारी गाडी आणि हैदराबाद हायवेला शंभरनं जाणारी तीच गाडी, यांच्या ब्रेकवरचा भार एकसारखा धरताच येत नाही.

आपला मुलुख सपाट, आणि घोळ तिथंच होतो. सात रस्त्यापासून जुळे सोलापूरपर्यंत दिवसभर गाडी फिरवली तरी झिजलेले ब्रेक तक्रार करत नाहीत. मग नवरात्र येतं. आत सात माणसं, वर कॅरिअरला बोचकी, आणि तुळजापूरचा घाट उतरताना ड्रायव्हरचा पाय ब्रेकवरून निघत नाही. डिस्क तापते, तिच्यापाठोपाठ पॅड आणि ते दाबणारा कॅलिपर तापतात, मग कॅलिपरमधलं ब्रेक ऑइल तापतं. हे ऑइल हवेतला ओलावा ओढतं. डॉट 3 दर्जाचं ऑइल नवीन असताना 205 अंश सेल्सिअसच्या खाली उकळत नाही, पण पाणी ओढल्यावर 140 च्या आसपास उकळू शकतं. डॉट 4 साठी हेच आकडे 230 आणि 155. ऑइल उकळलं की वाफ होते, दाबल्यावर वाफच दबते आणि पेडल खाली जातं. चहाला थांबून अर्ध्या तासानं बघावं तर पेडल परत कडक. ड्रायव्हर म्हणतो, मघाशी काहीतरी झालं होतं, आता ठीक आहे. मालकापर्यंत ती गोष्ट पोचतच नाही.

नव्या पॅडचंही एक आहे. नाल्या पडलेल्या डिस्कवर सपाट पॅड बसला की सुरुवातीला तो फक्त उंचवट्यांवर टेकतो. म्हणजे ‘नवीन पॅड टाकलेत’ या भरवशावर ड्रायव्हर गाडी पळवतो, तेव्हा ब्रेकची पकड उलट कमी असते. त्यात रात्री उसाची ट्रॉली पुढं आली तर? आपल्या जिल्ह्यात गळीत हंगामात मागं दिवा नसलेल्या दोन-दोन ट्रॉल्यांवर किती गाड्या जाऊन आदळतात, ते तुला सांगायला नको. त्या ट्रॉल्यांना ब्रेक कुठले असतात, हा वेगळा विषय आहे आणि त्यावर लिहायला बसलो तर तुझं पत्र बाजूला राहील.

कुणी म्हणेल, डिस्क लेथवर देऊन फेस मारून, म्हणजे वरचा थर कापून सपाट करून घ्यायच्या. फेस मारल्यावरही जाडी किमान आकड्याच्या वर राहणार असेल तर जरूर मारावा. तुझ्या डिस्क आधीच खाली गेलेल्या, त्यांना लेथ काय करणार?

आता दाखवायचं कसं, ते. चाक उतरवलं की गिऱ्हाईकाला गाडीपाशी बोलाव. व्हर्नियर (सरकत्या जबड्यांची मोजपट्टी) वापरू नकोस. डिस्क झिजते तेव्हा काठाला न झिजलेली कड शिल्लक राहते, व्हर्नियरचे जबडे तिच्यावर बसतात आणि माप जास्त दाखवतात. मायक्रोमीटर (स्क्रू फिरवून जाडी मोजणारं साधन) घे आणि एकाच डिस्कवर तीन-चार जागी लाव. कोरलेला आकडा गिऱ्हाईकाला त्याच्याच मोबाइलच्या उजेडात वाचू दे, मग मायक्रोमीटरही त्यालाच वाचू दे. समजा डिस्कवर 20 कोरलंय आणि मापात 19.2 येतंय. ‘खराब आहे’ म्हटलं की माणूस घासाघीस करतो. दोन आकडे समोर आल्यावर घासाघीस करायला जागा उरत नाही. दोन्हींचे फोटो काढून त्याच्या व्हॉट्सॲपवर टाक. काम झालं की जुने पॅड, जुन्या डिस्क त्याच्याच डिकीत ठेव. मागितले नाहीत तरी ठेव.

आणि तरीही तो म्हणाला, ‘नुसते पॅड टाक, मी सही देतो’, तर? ही सही बऱ्याच गॅरेजवाल्यांना ढाल वाटते. ‘तपासलं, मर्यादेखाली आढळलं, मालकाने काम करून घेतले नाही, गाडी न चालवण्यास सांगितले’ असं जॉब कार्डवर लिहून घेतलेली सही कामाची आहे, ती जरूर घे. पण तुला धोका माहीत असून तू ते अर्धं काम केलंस, तर त्याच कागदानं तूच अडकशील, कारण तुला माहीत होतं याचा पुरावा तूच तयार करून ठेवलास. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष सर्व्हिस देणाऱ्यावरही जबाबदारी येते. आणि मागच्या सीटवर बसलेल्या अक्कलकोटच्या भाविकानं कुठं सही दिलेली असते?

गिऱ्हाईकानं आणलेल्या पार्टचा नियम भिंतीवर लिहून टाक: ब्रेकचे आणि स्टिअरिंगचे पार्ट गॅरेजच आणेल. वायपर, बल्ब, हॉर्न, मॅट त्यानं खुशाल आणावेत. पण नियम नुसता लावून चालणार नाही. तू पार्टवर किती कमावतोस, हा गिऱ्हाईकाच्या मनातला खरा संशय आहे, आणि तो अगदीच खोटा नाही. आपल्या धंद्यात मजुरी पडेल भावानं घ्यायची आणि कसर पार्टमध्ये काढायची, ही जुनी खोड आहे. म्हणून तर गिऱ्हाईक पार्ट घेऊन येतं. पार्टवरचं कमी कर, दुकानाचं बिल त्याच्या हातात दे, आणि मजुरी खरी लाव.

खरी म्हणजे किती? समजा भाडं, वीज, पोराचा पगार आणि तुझा स्वतःचा पगार (तो धरायचाच) मिळून महिन्याला 60 हजार खर्च आहे. दोन माणसं, 26 दिवस, आणि पार्टची वाट बघणं, चहा, फोन वगळून दिवसाला प्रत्येकी पाच तास कामाचे. म्हणजे 260 तास. तासाला साधारण 230 रुपये झाले, आणि यात नफा एक रुपयाही नाही. आता पुढच्या डिस्क-पॅडचं काम नीट करायला अडीच तास लागत असतील आणि तू 300 रुपये मजुरी घेत असशील, तर प्रत्येक गाडीमागं पावणेतीनशे रुपये तू पदरचे घालतोयस. हे गणित तुझ्या आकड्यांनी एकदा मांडून बघ. ब्रेकची कामं बंद करावीत असं वाटण्याचं अर्धं कारण बहुतेक तिथं सापडेल.

नीट म्हणजे काय, हे तुला सर्व्हिस सेंटरनं शिकवलं असणारच. पण स्वतःचं गॅरेज टाकल्यावर घाईत काय गळतं, ते मी चार ठिकाणी बघतो. ब्रेकचं काम एक्सलचं घ्यायचं, डावं-उजवं दोन्ही. कॅलिपरच्या सरकणाऱ्या पिना काढून साफ करून योग्य ग्रीस लावायचं. पॅड एका बाजूनं जास्त झिजलेला असतो तो बहुतेकदा पिन अडकल्यामुळं, आणि पिन तशीच ठेवून नवा पॅड टाकला की दोन महिन्यांत गिऱ्हाईक परत दारात. नवी डिस्क बसवण्याआधी हबचा, म्हणजे ती ज्यावर बसते त्या भागाचा, गंज ब्रशनं काढायचा, नाहीतर डिस्क तिरकी बसते आणि पेडल थरथरतं. मागच्या ड्रम ब्रेकला व्हील सिलिंडर गळून शू (ड्रमला आतून घासणारे) ऑइलनं भिजले असतील तर ते फेकायचे. पेट्रोलनं धुऊन, पॉलिश पेपर मारून परत चढवलेले शू मी अजूनही बघतो. शूवरचा लायनर आत ऑइल पिऊन बसतो, वरून पुसून ते निघत नाही. ड्रममधली धूळ कंप्रेसरच्या हवेनं उडवू नकोस, पोरालाही उडवू देऊ नकोस. जुन्या किंवा बिनानावाच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. क्लीनर मारून ओली करून पुसायची.

ब्रेक ऑइल लहान बाटलीतलं घे आणि फोडलेली बाटली पुढच्या महिन्यासाठी ठेवू नकोस. एबीएसच्या (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) गाडीत मास्टर सिलिंडर कोरडा पडू द्यायचा नाही. युनिटमध्ये हवा गेली तर काही गाड्यांना स्कॅनर लावल्याशिवाय ती निघत नाही, आणि मग तू दुपारभर पेडल मारत बसतोस. गाडी हलवण्याआधी मात्र पेडल मारायचंच, ते कडक होईपर्यंत. कॅलिपरचे पिस्टन मागं ढकललेले असतात, पहिलं पेडल खाली जातं, आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी गाडी रिव्हर्स घेतं. शेवटी गिऱ्हाईकाला सांगायचं की पहिले दोन-तीनशे किलोमीटर उगाच करकचून ब्रेक मारू नका, पॅड बसू द्या.

हे सगळं केल्यावर ‘अर्ध्या पैशात झालं’ याचं उत्तर तुला वेगळं द्यावं लागणार नाही. ते बिलावर लिहिलेलं असेल. ‘ब्रेक काम’ अशी एक ओळ लिहून मोठी रक्कम टाकू नकोस. पिना, ग्रीस, ऑइल, हबची सफाई, सगळं ओळीनं लिही.

सस्पेन्शनवर येतो, कारण तुझ्या ब्रेकच्या दुखण्याचं औषध मला तिथं दिसतंय.

ब्रेकमध्ये तडजोड नाही, पण सस्पेन्शनमध्ये तडजोडीला जागा आहे आणि ती तू दिली पाहिजेस. गाडी खडखडतेय म्हणून आली, तू वर घेतलीस. लिंक रॉड सैल, स्टॅबिलायझरचे रबरी बुश गेलेले, एका शॉकॲबवर ऑइलचा ओलसरपणा, बॉल जॉइंटला खेळ. यातलं काय आज? बॉल जॉइंट आजच. तो निसटला तर चाक आडवं होतं. स्टिअरिंगच्या टाय रॉड एंडला खेळ असेल तर तोही आजच. स्प्रिंग तुटलेली, पिकअपच्या पाट्यातला मुख्य पाटा मोडलेला, लोअर आर्मचा बुश इतका फाटलेला की ब्रेक मारल्यावर चाक मागं सरकतंय, हेही थांबणार नाही. पण लिंक रॉड आवाज करतो, चटकन जीव घेत नाही. स्टॅबिलायझरचे बुश पुढच्या सर्व्हिसला चालतात. शॉकॲब नुसता ओलसर असेल, तेल ओघळत नसेल आणि टायर जागोजागी खाल्लं जात नसेल, तर त्यावर लक्ष ठेवायचं आणि बदलताना जोडीनं बदलायचा.

हे गिऱ्हाईकाला तोंडानं सांग: ‘हे आज करू. हे दिवाळीनंतर केलं तरी चालेल. याला हात लावायची गरज नाही, पैसे वाचवा.’ सर्व्हिस सेंटरला तुला सगळंच लिहून द्यायची सवय लावली असेल, तिथं महिन्याचं टार्गेट असतं. तुझ्या गॅरेजला नाही. जो मिस्त्री चार वेळा ‘राहू द्या’ म्हणतो, त्याच्या पाचव्या ‘नाही’ला वजन येतं. मेव्हण्याच्या पाच गाड्यांवर तू आजपर्यंत कधी ‘हे राहू दे’ म्हणाला होतास का, हे मला तुझ्या पत्रातून कळत नाही. म्हणाला नसशील तर तुझं डिस्कचं बोलणं त्याला नेहमीच्या लांबलचक यादीतली आणखी एक ओळ वाटलं असणार.

आवाज शोधताना गिऱ्हाईकाला शेजारी बसवून फेरी मार. चालवू दे त्याला, तू ऐक. एकट्यानं फेरी मारून ‘आवाज गेला’ म्हणशील, तर त्याला ऐकू येत होता तो आवाज वेगळाच निघतो. आणि लोअर आर्म बसवताना बुशचे बोल्ट गाडी लटकलेली असताना शेवटचे आवळू नकोस. गाडीचं वजन चाकांवर आल्यावर आवळायचे, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. आपल्या उन्हाळ्यात रबराचे हाल आधीच कमी नसतात. गाडीखाली जाताना घोडी (आधाराचा स्टँड) लावायची, नुसत्या जॅकवर कधीच नाही. स्प्रिंग दाबायला बरा कॉम्प्रेसर घे, दोरी-तारेचे उद्योग पोराला शिकवू नकोस.

राहिला मेव्हणा.

सासरवाडीत जाऊन खुलासे करू नकोस. बायकोला मध्ये घालू नकोस, तिला माहेर आहे. दुसऱ्या गॅरेजवाल्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही. त्यानं काय बघितलं, काय सांगितलं, तुला माहीत नाही. मेव्हण्याला सरळ फोन कर. म्हण, ‘काम कुठं करायचं ते तुझं तू ठरव, माझा राग नाही. पण त्या गाडीच्या डिस्क मी मोजल्या होत्या. गाडी एकदा आण, तुझ्यासमोर परत मोजतो, पैसे नाही घेणार. बरोबर निघाल्या तर मीच सगळ्यांना सांगेन.’ आणली तर मोजून दाखव. नाही आणली तर कोरलेला आकडा आणि तुझं माप एका मेसेजमध्ये लिहून पाठव, आणि खाली एवढंच की भरलेली गाडी घाटात पाठवू नको. त्यापुढं पाठपुरावा करू नकोस. तुळजापूरला निघालेल्या माणसांचा प्रश्न आहे म्हणून हा एक मेसेज तुझ्याकडून जायलाच हवा, मग तो कितीही तोंड वाकडं करो.

त्या फोनमध्ये उधारीचं नाव काढायचं नाही. काढलंस तर त्याच्या लेखी डिस्क हे वसुलीचं निमित्त ठरेल. उधारीसाठी आठवड्यानं वेगळा फोन कर. आकडा सांग, दोन-तीन हप्त्यांत मोकळं करायला सांग. आणि इथून पुढं भाड्याच्या गाड्यांना एका कामाची उधारी संपल्याशिवाय दुसरं काम उधार नाही. नातं असो नसो. पाच गाड्यांचा एकच मालक तुझं निम्मं गॅरेज चालवत असेल, तर नकार द्यायला तोंड उघडत नाही. तू उघडलंस, ते चांगलं केलंस. पण पुढच्या वेळी ते जड जाऊ नये म्हणून आणखी गिऱ्हाईक बांध. एमआयडीसीतले पिकअपवाले आहेत, शाळेच्या व्हॅनवाले आहेत. व्हॅनवाल्यांना मे महिन्यात फुकट ब्रेक मोजून द्यायचं जाहीर कर, शाळा सुरू व्हायच्या आत कामं येतील.

ऑइल-सर्व्हिसिंगला वळू नकोस. ते काम शिकायला फार वेळ लागत नाही, म्हणून उद्या तुझ्या शेजारी आणखी तिघं ते स्वस्तात करतील. ब्रेकचं काम मोजून, लिहून, पूर्ण करणारा माणूस अक्कलकोट रोडला इतक्या सहज मिळत नाही.

मायक्रोमीटर घेताना साधा घेऊ नकोस, डिस्कसाठी टोकदार तोंडाचा मिळतो तो घे, म्हणजे नाल्यांच्या तळाचंही माप येतं. 0 ते 25 मिलिमीटरचा बहुतेक कारना पुरेल. मोठ्या एसयूव्हीच्या जाळीच्या (आतून हवा खेळणाऱ्या) डिस्क 25 च्या वर जातात, त्यांच्यासाठी 25 ते 50 चा सवडीनं घे.